कुवेती भावांचं व्हायोलिन

साधारण १९१८ सालची गोष्ट. कुवेत तेव्हा मातीच्या घरांचं, मोत्यांवर आणि खजुराच्या वाहतुकीवर पोट भरणारं बंदर होतं. तेलाचा पत्ता नव्हता. तिथल्या एका ज्यू कुटुंबातला व्यापारी हिंदुस्थानची फेरी करून परतला आणि येताना घरातल्या दोन पोरांसाठी भेट घेऊन आला: एक व्हायोलिन आणि एक ऊद, म्हणजे अरबी तंतुवाद्य. थोरला सालेह दहा वर्षांचा होता, धाकटा दाऊद आठ वर्षांचा. थोरल्यानं व्हायोलिन धरलं, धाकट्यानं ऊद.

जून २०२३ मध्ये 'जारक करीबक' नावाचा अल्बम बाजारात आला. त्यावर दोन नावं होती. एक रेडिओहेड या जगप्रसिद्ध बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याचं आणि दुसरं दूदू तस्सा याचं. हा तस्सा म्हणजे ऊद मिळालेल्या त्या धाकट्या दाऊदचा नातू. तेल अवीवमध्ये वाढलेला रॉक गायक. त्याच्या बँडचं नाव 'दूदू तस्सा अँड द कुवेतीज'. इराकी गाणी अरबीत गाणारा इस्राएली रॉक बँड म्हटल्यावर त्याला कोणत्या रकान्यात बसवायचं हे रॉकवाल्यांना कळेना आणि अरबी संगीतवाल्यांनाही. त्यामुळे बारा वर्षं हा बँड दोन्हीकडून जरा बाजूलाच राहिला. ग्रीनवुडबरोबरच्या अल्बममुळे पहिल्यांदाच तो सर्वसाधारण श्रोत्याच्या कानापर्यंत पोचला.

या सगळ्याचं मूळ ज्या संगीतात आहे ते समजून घ्यायचं तर कुवेतच्या दक्षिण टोकाला, खैरानला जावं लागतं.

खैरान कुवेत शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर, सौदी अरेबियाच्या सीमेजवळ आहे. कुवेतमधल्या फहाहील, मंगाफ या वस्त्यांकडच्या मराठी कुटुंबांना ते माहीत आहे ते सुट्टीच्या दिवशी जाण्याचं ठिकाण म्हणून: समुद्रात शिरलेल्या खाड्या, रिसॉर्ट, आणि अलीकडे झालेला मोठा मॉल. समुद्राचं पाणी वाळवंटात आत घेऊन, कालवे खोदून तिथं सबाह अल-अहमद सी सिटी नावाचं अख्खं शहर वसवलं गेलं आहे. या प्रकल्पाचं आधीचं नाव खैरान मोती शहर असं होतं, आणि ते उगाच दिलेलं नव्हतं. कुवेत सी स्पोर्ट्स क्लब १९८६ पासून, मधली काही वर्षं वगळता, दर उन्हाळ्यात मोती काढण्याच्या जुन्या सफरीची आठवण जागवतो. साल्मियाच्या किनाऱ्यावरून जुन्या धाटणीची लाकडी जहाजं निघतात, त्यावर तरुण पोरं असतात, आणि ती खैरानच्या समुद्रात मुक्काम टाकतात. निघण्याच्या सोहळ्याला 'दशा' म्हणतात, परतण्याच्या सोहळ्याला 'गफ्फाल'. मधल्या दिवसांत पोरं बुड्या मारतात, शिंपले उघडतात आणि जहाजावरची गाणी शिकतात.

ही शेवटची गोष्ट दिसते त्यापेक्षा अवघड आहे. ही गाणी करमणुकीची नव्हेत, कामाची. शीड चढवायचं असो, नांगर ओढायचा असो, वल्ही मारायची असोत, प्रत्येक कामाची लय वेगळी आणि गाणंही वेगळं. ते उचलून धरणारा माणूस म्हणजे नहाम. त्याला बुडी मारावी लागत नसे, दोर ओढावा लागत नसे; त्यानं फक्त गायचं. तरी कमाईत त्याचा वाटा असे आणि चांगला नहाम आपल्या जहाजावर यावा म्हणून नाखुदांत, म्हणजे जहाजांच्या कप्तानांत, चढाओढ लागे. मला तर वाटतं, गायकाला वाटेकरी खलाशी म्हणून नेमणारा हा जगातला एक फार शहाणा व्यवसाय होता.

बुडी मारणाऱ्याला घैस म्हणत. नाकाला हाडाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यात दोराची विणलेली टोपली, पायाला दगड. दगडानं तो तळाला जाई, वर त्याचा सैब दोर धरून उभा. दोराला हिसका बसला की सैबनं ओढायचं. श्वास पुरेल तेवढाच वेळ खाली, मग वर, थोडी विश्रांती, पुन्हा खाली; असं दिवसभर, आणि मोसम जवळजवळ चार महिन्यांचा. बहुतेक जण नाखुदाच्या कर्जात असत आणि ते कर्ज पुढच्या मोसमाला ओढत नेत. ब्रिटिश अधिकारी लॉरिमर यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या आखाताची जी माहिती जमवली, तीत कुवेतची मोती काढणारी ४६१ जहाजं आणि त्यांवरची ९,२०० माणसं नोंदली आहेत. त्या काळच्या एवढ्याशा गावासाठी हे म्हणजे जवळजवळ सगळे धडधाकट पुरुष.

नहाम उंच, ताणलेल्या आवाजात ओळ टाकतो आणि बाकीचे सगळे खाली, छातीच्याही तळातून, एक गुरगुरता खर्ज धरून ठेवतात. तो तंबोऱ्यासारखा अखंड चालू राहतो, पण तंबोऱ्यापेक्षा कितीतरी रांगडा. जमिनीवर परतल्यावर रात्रीच्या बैठकीत हीच गाणी नव्या थाटात येत: मिरवास नावाचे मुठीएवढे दुतोंडी ढोल, छोट्या झांजा, आणि जहला, म्हणजे पाण्याचं मातीचं मडकं. मडकं मांडीवर घेऊन तळव्यानं त्याच्या पोटावर आणि तोंडावर मारायचं. त्यावर टाळ्यांची गुंतागुंत अशी की दोन गट एकमेकांच्या मधल्या जागा भरत जातात. शेजारच्या बहारीनमध्ये या प्रकाराला फिजिरी म्हणतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बहारीनमधली दंतकथा सांगते की तीन माणसांनी हे गाणं एका ओसाड मशिदीत भुतांकडून ऐकलं. कुणाला सांगाल तर मराल, अशी भुतांनी तंबी दिली होती. तिसऱ्यानं मरताना ते लोकांना दिलं.

आता मुंबई, कारण या गाण्याच्या पुढच्या पायरीत तिचा हात आहे. कुवेतची मोठी जहाजं, ज्यांना बूम म्हणत, बसऱ्याचा खजूर भरून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला येत. परत जाताना तांदूळ, कापड, चहा, मसाले आणि जहाजबांधणीसाठी मलबारचं सागवान. आखातातल्या मोत्यांचा मोठा बाजारही मुंबईतच होता. कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, पोरं मुंबईत शिकत. कुवेतमध्ये चलनही रुपयाच चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळे रुपये छापले आणि १९६१ मध्ये कुवेतनं स्वतःचा दिनार काढला, तो १३ रुपये ३३ पैशांना एक या दरानं.

अशाच एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा अब्दुल्ला अल-फरज (१८३६–१९०१). त्याचं लहानपण आणि शिक्षण मुंबईत झालं; तिथंच तो संगीत शिकला. बापाची संपत्ती उडवून तो कुवेतला परतला आणि कवी व गवई म्हणून नावाजला. 'सऊत' हा आज कुवेतचा म्हणून ओळखला जाणारा गानप्रकार घडवण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. सऊत म्हणजे घरातल्या बैठकीचं गाणं: ऊद, मिरवास, आणि टाळ्या. नंतर व्हायोलिन आलं. मधूनच दोघे जण उठतात, जफन नावाचा नाच करतात, उडी मारून गुडघ्यावर टेकतात आणि पुन्हा जागेवर येऊन टाळ्या धरतात. समुद्रावरच्या गाण्यापेक्षा हे कानाला सोपं, घरात बसून ऐकण्याजोगं. खडबडीत संगीत लोकांच्या आवाक्यात आणण्याची ही पहिली पायरी, आणि तिच्यात मुंबईचं शिक्षण मुरलेलं आहे.

सालेह आणि दाऊद या वातावरणात वाढले. सालेहनं कुवेतचा नामवंत ऊदवादक खालिद अल-बक्र याच्याकडे शिकायला सुरुवात केली. मिसरूड फुटण्याआधीच दोघे भाऊ कुवेतमधल्या बड्या लोकांच्या बैठकीत वाजवू लागले, तबकड्यांसाठीही वाजवू लागले. मग कुटुंब बसऱ्याला गेलं आणि तिथून बगदादला. तिथं लोक त्यांना 'अल-कुवेती' म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं.

बगदादमध्ये त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. सलीमा मुराद ही त्या काळची सर्वांत गाजलेली गायिका. तिची अनेक गाणी सालेहची. १९३२ मध्ये इजिप्तची गायिका उम्म कुलसुम बगदादला आली आणि तिनं सालेहचं एक गाणं उचललं. ती इजिप्तबाहेरच्या संगीतकाराच्या वाट्याला फारशी जात नसे, हे लक्षात घेतलं की याचं वजन कळतं. मोहम्मद अब्दुल वहाब हा इजिप्तचाच दुसरा दिग्गज. त्याला सालेहनं 'लामी' हा इराकी मकाम, म्हणजे रागासारखा स्वरांचा साचा, दाखवला. लामीचे स्वर मराठी कानाला असे सांगता येतील: भैरवीतले कोमल रिषभ, गंधार, धैवत, निषाद, पण पंचमाच्या जागी त्याच्याही खालचा स्वर. पंचमाचा आधारच काढून घेतल्यामुळे त्यात एक न मिटणारी तगमग राहते. १९३६ मध्ये इराकचं रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हा त्याचा पहिला वाद्यवृंद उभा करण्याचं काम या दोघांकडेच आलं.

पुढे १९५०–५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास ज्यूंनी इराक सोडलं. कुवेती भाऊही १९५१ मध्ये इस्राएलला गेले. तिथं अरबी संगीताला विचारतं कोण? दोघांनी तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत भांडीकुंडी विकण्याचं दुकान टाकलं. रेडिओच्या अरबी विभागात आणि लग्नसमारंभांत वाजवणं चालू राहिलं, पण ज्यांची गाणी बगदादच्या गल्लीगल्लीत वाजत होती ते इथं दुकानदार होते. तिकडे इराकमध्ये त्यांची गाणी थांबली नाहीत, फक्त नावं गेली. सद्दामच्या काळात संगीतकाराच्या जागी 'पारंपरिक' एवढंच लिहिलं जाऊ लागलं. माणसं हयात असताना त्यांची गाणी पारंपरिक होणं, ही पुसून टाकण्याची अशी पद्धत आहे की ऐकणाऱ्याला काही हरवल्याचा संशयसुद्धा येत नाही. दाऊद १९७६ मध्ये गेला, सालेह १९८६ मध्ये. आपल्या मुलांनी संगीतात पडू नये असं दाऊदचं मत होतं.

दूदू तस्साचा जन्म १९७७ चा, म्हणजे आजोबा गेल्यानंतरचा. तो हिब्रूत गाणारा रॉक गायक म्हणून नावारूपाला आला. आजोबांच्या ध्वनिमुद्रणांकडे तो बऱ्याच उशिरा वळला आणि २०११ मध्ये 'दूदू तस्सा अँड द कुवेतीज' हा पहिला अल्बम आला. त्यात त्यानं दाऊदचा जुना, खरखरीतून येणारा आवाज तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती ड्रम, बेस, इलेक्ट्रिक गिटार आणि तंतुवाद्यं उभी केली. आई कार्मेलाही त्यात गायली. बापाच्या इच्छेविरुद्ध लेक आणि नातू, दोघांनी एकाच अल्बमवर त्याची गाणी म्हटली. त्याच वर्षी या शोधावर 'इराक अँड रोल' हा माहितीपट निघाला. नंतर २०१५ मध्ये 'अला शवाती' आणि २०१९ मध्ये 'अल हजर' हे अल्बम आले. २०१७ मध्ये रेडिओहेडनं अमेरिकेच्या दौऱ्यात या बँडला आपल्याआधी वाजवायला घेतलं. मोठमोठ्या सभागृहांत, रेडिओहेडची वाट पाहत बसलेल्या हजारो लोकांपुढे, १९३० च्या दशकातली बगदादची गाणी.

मला विचाराल तर पहिला अल्बम सगळ्यांत खोल आहे, पण तो श्रोत्याकडून बरंच काही मागतो. गाणी लांब, अरबी अनोळखी, स्वर आपल्या हार्मोनियमच्या पट्ट्यांमध्ये न बसणारे. हा शेवटचा मुद्दा जरा उलगडायला हवा. अरबी मकामांत काही स्वर असे आहेत की ते शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कुठंतरी पडतात. ऊदाला आणि व्हायोलिनला पडदे नाहीत, तिथं बोट सरकवलं की काम झालं. गिटारला पडदे ठोकलेले; तो स्वर तिच्यात नाहीच. रॉक बँडनं असं गाणं घेतलं की दोनच वाटा उरतात. एक तर सूर सपाट करायचा, म्हणजे गाण्याचा जीव घ्यायचा. नाही तर गिटारनं त्या स्वराच्या वाटेला न जाता भोवतीनं वाजवायचं आणि ती जागा गळ्याला आणि व्हायोलिनला मोकळी ठेवायची.

'जारक करीबक'मध्ये ग्रीनवुडनं दुसरी वाट धरली आणि तीच या अल्बमची खरी करामत. ग्रीनवुडला हिंदुस्थानी वाचक दुसऱ्या एका कामामुळे ओळखत असतील: २०१५ मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्राएली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादक-कव्वालांबरोबर केलेला 'जुनून', ज्यावर पॉल थॉमस अँडरसननं चित्रपट काढला. तिथंही तो गिटार घेऊन पुढे येत नाही, मागे बसून चौकट धरतो. इथं त्यानं जुन्या पद्धतीची ड्रम मशिन, बेस आणि सिंथेसायझर वापरले. सत्तरच्या दशकात जर्मनीचा क्राफ्टवर्क हा इलेक्ट्रॉनिक बँड कैरोत असता तर त्यानं काय केलं असतं, अशी कल्पना करून आम्ही वाजवलं, अशा अर्थाचं त्यानं सांगितलं आहे. ऐकताना ते पटतं. खाली यंत्राची ठाम, एकसुरी लय चालू असते, त्यामुळे अनोळखी कानाला धरायला काही तरी मिळतं. वर गायक त्याच्या मकामात हवा तसा हिंडतो. मशिन त्याला आवरत नाही.

गाणी नऊ, आणि सगळी प्रेमाची. अरब जगातल्या निरनिराळ्या देशांची जुनी गाणी, आणि बहुतेक वेळा गायक गाण्याच्या देशाचा नाही, दुसऱ्याच देशाचा. मोरोक्कोचं गाणं तस्सा स्वतः गातो. गाण्यांना पासपोर्ट लागत नाही, असं काही या रचनेतून म्हणायचं असेल तर ते घोषणा न देता म्हटलं गेलं आहे. अर्थात घोषणा बाहेरून आल्याच. गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर इस्राएली कलाकाराबरोबर वाजवतो म्हणून ग्रीनवुडवर टीका झाली, आणि २०२५ मध्ये ब्रिटनमधले या दोघांचे ठरलेले कार्यक्रम सभागृहांना आलेल्या धमक्यांनंतर रद्द झाले. नातवाच्या वाट्यालाही आजोबांसारखीच मधली, कुणाचीच नसलेली जागा आली.

या अल्बमला काही समीक्षकांनी 'सोपा' म्हटलं, आणि त्यात थोडी नाराजीही होती. ती मला पटत नाही. हे संगीत आजवर टिकलं तेच मुळी दर पिढीला कुणी तरी ते सोपं करून दिलं म्हणून. समुद्रावरचं गाणं बैठकीत आलं ते सोपं होऊन. बैठकीतलं तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांत कापावं लागलं. १९३८ मध्ये कुवेतच्या बुरगानला तेल सापडलं, १९४६ पासून ते जहाजांवर भरून बाहेर जाऊ लागलं. मोत्यांचा धंदा त्याआधीच जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि १९२९ च्या मंदीनं मोडला होता. ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी अॅलन व्हिलियर्स १९३८–३९ मध्ये अली बिन नासर अल-नजदी या नाखुदाच्या 'बयान' नावाच्या बूमवर एडनहून झांजिबारकडे आणि परत कुवेतला आला, आणि 'सन्स ऑफ सिंदबाद' या पुस्तकात ते जग लिहून ठेवलं. तेव्हा ते संपत आलं होतं. ज्या पिढीनं कधी दोर ओढला नाही तिच्यापर्यंत समुद्र पोचवायचा कसा, हा प्रश्न मग कुवेतलाही पडला. मोहम्मद अल-फायेझ या कवीनं १९६० च्या दशकात लिहिलेल्या 'मुझक्किरात बह्हार', म्हणजे खलाशाच्या आठवणी, १९७९ मध्ये गन्नाम अल-दिकान यानं संगीतबद्ध केल्या आणि शादी अल-खलीज या गायकानं त्या मोठ्या वाद्यवृंदासह गायल्या. कुवेतच्या शाळकरी पोरांनाही ते नाव माहीत असतं. जुन्या नहामांना तो थाट परकाच वाटला असणार, पण पोरांना समुद्र कळला तो तिथून.

आजही कुवेतमध्ये हा खटाटोप चालू आहे. गाझी अल-मुलैफी हा गिटारवादक आणि संगीताचा अभ्यासक 'बूम दिवान' नावाचा गट चालवतो. त्यात मोती काढणाऱ्यांच्या तालांत मुरलेले वादक आणि जॅझचे वादक एकत्र बसतात. मिरवास आणि टाळ्यांची ती गुंतागुंत जॅझच्या ड्रमपुढे जराही मागे पडत नाही. उलट ड्रमवाल्यालाच तिच्यात जागा शोधावी लागते.

ज्याला हे सगळं ऐकायचं आहे त्यानं 'जारक करीबक'पासून सुरुवात करावी आणि उलटं जावं. मग २०११ चा 'कुवेतीज'. मग सालेह आणि दाऊद यांची स्वतःची जुनी ध्वनिमुद्रणं, ज्यांचं पुनर्प्रकाशन झालेलं आहे. त्यानंतर अब्दुल्लतीफ अल-कुवेती याच्यासारख्यांच्या सऊतच्या तबकड्या, आणि सगळ्यांत शेवटी नहामांची गाणी. या क्रमानं गेलं की खर्ज धरणारे ते खालचे आवाज एकदम आदळत नाहीत. जुन्या मुद्रणांत खरखर फार आहे, आणि मिरवास तर अगदी मागे गेलेला आहे. लाउडस्पीकरवर तो निसटतो, त्यामुळे इयरफोन लावूनच ऐकावं.